चौथ्या गाण्यातली किणकिण

फर्दापूर, ता. सोयगाव
२१ ऑगस्ट २०१५

कालिंदीबाई,
सोनियाचा नमस्कार.

वर्ग सोडताना तुम्ही बजावलं होतं की फोन करायचा नाय, पत्रच लिहायचं. म्हणून लिहिते. घरी येऊन सव्वा महिना झाला. कपाशी गुडघ्याएवढीसुद्धा वाढली नाय आणि विहिरीचा तळ दिसतो. शहरातली खोली सोडावी लागली ती त्यामुळंच. आता अण्णांसोबत लेणीच्या फाट्यावर आमच्या रंगीत दगडांच्या दुकानात बसते. अण्णा म्हणतात, पाऊस झाला की परत जा शिकायला. मी म्हणते, जपानीची परीक्षा सहा डिसेंबरला हाये, ती काय पावसाला विचारून येणार नाय. शहरातल्या त्या पर्यटन कंपनीनं स्पष्ट सांगितलंय, ही पातळी पास झालीस तर जपानी गटांसोबत गाईड म्हणून घेऊ, नाहीतर नाय. फॉर्म मी भरतेच.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच हाये. मागच्या मंगळवारी हिरोसे नावाच्या एक जपानी बाई उन्हानं घाबऱ्या होऊन दुकानात आल्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तुम्ही शिकवलेली तीन वाक्यं बोलले. चौथं सुचलं नाय. त्यांनी हसून पिशवीतून गाण्याची सीडी काढून माझ्या हातात ठेवली. नाव ‘आमागासा तो कागी’, म्हणजे छत्री आणि किल्ली. यंदा इथं छत्रीचं काय काम, पण असो. अकरा गाणी हायेत, गिटार-ड्रमवाली. आत एक पोस्टकार्ड निघालं. कंपनीनं श्रोत्यांचं मत मागितलंय: कुठलं गाणं आवडलं, कुठं ऐकलं, आणि खाली मनातलं लिहायला पाच ओळी.

ते कार्ड मला जपानीत, माझ्या हातानं लिहून पाठवायचंय. मोबाईलच्या दुकानातून सीडीची नक्कल करून सोबत ठेवलीय. तुम्ही ऐका आणि तुमचं मत कळवा.

तुमची विद्यार्थिनी,
सोनिया

•

औरंगाबाद
२ सप्टेंबर २०१५

चि. सोनिया,
आशीर्वाद.

पाकीट पोचले. फोन नको हे पुन्हा सांगते. समोर सात मजली इमारत उभी राहते आहे आणि दिवसभर यंत्रांची घरघर चालू असते. क्रांती चौकात तर आता माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. शिवाय हाताने गिरवल्याशिवाय जपानी अक्षर बसत नाही. बावीस वर्षे शिकवते आहे, तेव्हा एवढे माझे ऐक.

सीडी दोनदा ऐकली. माझे मत विचारशील तर इस्त्रीच्या घडीतला, कधीच अंगात न घातलेला शर्ट आहे हा. गाणाऱ्याला घाम येत नाही, कुठे श्वास चुकत नाही. ड्रम तेवढे ठणठणीत, बाकी सगळे मातकट. मला त्यात जीव आढळला नाही. तुझ्या वयाला अशी गुळगुळीत गाणी आवडतात हे मला ठाऊक आहे.

पण तुझ्या उपयोगाची गोष्ट सांगते. सीडीबरोबर गाण्यांचे शब्द छापलेली पुस्तिका असेल. ती पेटीत टाक आणि परीक्षा होईपर्यंत उघडू नकोस. रोज एक गाणे कानाने ऐकून लिहून काढ आणि मला पाठव, मी तपासून देईन. परीक्षेत ऐकण्याचा भाग असतो आणि आपली मुले नेमकी तिथेच पडतात.

कार्डाचा मसुदाही पाठव.

कालिंदी

•

फर्दापूर
१४ सप्टेंबर

बाई, नमस्कार.

पुस्तिका पेटीत ठेवली. चार गाणी लिहून काढलीत, सोबत हायेत.

तुमचं मत वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, आपण इतरांना विचारू. एक दिवसाआड टँकर येतो, तेव्हा रामकिसनभाऊ त्याची काळीपिवळी रांगेजवळ आणून लावतो. गाडीत सीडी वाजते. मी लावली. भाषा कुणालाच कळत नाय, पण मत सगळ्यांनाच हाये. कडूबाई म्हणाली, ह्यो पोरगा पोटभर जेवून गातोय. अण्णा म्हणाले, नव्या डांबरावरून गाडी जावी तसं हाये, कुठं गचका नाय. आवडाकाकू, म्हणजे माझी चुलती, हंडा ठेवून पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत उभी राहिली. म्हणाली, दुसरीकडचं गाणं लई रडतं, हे रडत नाय, हे बरं.

मला का आवडतं ते सांगू का? त्यात सगळं जागच्या जागी हाये. ड्रम यायच्या जागी ड्रम येतो, थांबायच्या जागी थांबतो. यंदा आमच्याकडं एक पण गोष्ट जागेवर नाय. पाऊस नाय, पीक नाय, मी पण माझ्या जागेवर नाय. तासभर असं काही ऐकायला मिळतं की कुणीतरी नीट बसून, चूक राहू न देता केलंय. त्याला जीव नाय असं मी नाय म्हणणार.

आणि ते चौथं गाणं! ध्रुपद सुरू व्हायच्या आधी एक बारीक किणकिण येते, काचेच्या बांगड्या एकमेकींना लागाव्यात तशी. चार वेळा येते. कार्डावर मी तेच गाणं लिहिणार हाये.

सोनिया

•

औरंगाबाद
२५ सप्टेंबर

चि. सोनिया,

गाणी तपासली. लाल शाईने दुरुस्त्या केल्या आहेत. चौथ्या गाण्यात तू ‘माची नि साकु’, म्हणजे ‘शहरात फुलते’ असे लिहिले आहेस. तिथे ‘काकु’ आहे, ‘शहरात लिहितो’. अशा सात ठिकाणी चुका आहेत. घाई करतेस.

किणकिण मला कुठेही आढळली नाही. चौथे गाणे मी पाच वेळा लावले. नक्कल करताना काही बिघडले असेल, किंवा रामकिसनच्या गाडीचा एखादा नट वाजत असेल. जमल्यास मूळ सीडी पाठव.

टँकरच्या रांगेतली मते वाचून मजा वाटली. तुझे कारणही वाचले. ते मी खोडून काढत नाही.

कालिंदी

•

फर्दापूर
६ ऑक्टोबर

बाई, नमस्कार.

मूळ सीडी अण्णांसोबत पाठवते. ते सोमवारी दुकानाचा माल आणायला शहरात येणार हायेत, तेव्हा तुमच्या घरी देऊन जातील. जपून लावा, एकच हाये. तुम्हाला दिली तशी अजून एक नक्कल करून घेतलीय, आमच्याकडं आता तिच्यावर काम चालेल.

‘काकु’ वाचून मला हसू आलं, आमची आवडाकाकू जपानी गाण्यात कशी गेली म्हणून. पण तुम्ही सांगितलं म्हणजे तसंच असणार. दुरुस्त करून पन्नास वेळा लिहिलं. पुढची चार गाणी पण सोबत हायेत.

किणकिण मला नकलेतसुद्धा ऐकू येते. घरच्या डीव्हीडीवर पण येते, तिथं नट नाय.

परीक्षेचा फॉर्म गेला. केंद्र पुणे.

सोनिया

•

औरंगाबाद
१७ ऑक्टोबर

सोनिया,

मूळ सीडी ऐकली. तिच्यातही तसला आवाज नाही.

आता स्पष्ट लिहिते. तू जे ऐकतेस ते तुझ्या मनातले आहे. आवडलेल्या वस्तूला माणूस स्वतःहून दागिने चढवतो. गाण्याच्या बाबतीत एक वेळ चालेल, परीक्षेत चालणार नाही. तिथे ध्वनिफीत एकदाच वाजते. जे नाही ते ऐकशील तर नापास होशील आणि दोष पावसाला देशील. पाचव्या ते आठव्या गाण्यात पुन्हा नऊ चुका आहेत, तशाच, ‘स’ आणि ‘क’ यांच्या गोंधळाच्या. स्वतःच्या कानावर इतका विश्वास बरा नव्हे.

कार्डावर किणकिणीबद्दल लिहू नकोस. ते लोक हसतील.

कालिंदी

•

फर्दापूर
३० ऑक्टोबर

बाई,

तुमचं पत्र आल्यापासून मी सराव परीक्षा तीन वेळा दिली. आधी ऐकण्यात साठापैकी चाळीसच्या वर मिळायचे. आता बावीस, एकोणीस, बावीस. एक शब्द ऐकला की मनात येतं, हा खरंच बोलला का मीच दागिना चढवला? तोवर पुढचं वाक्य निघून जातं. परवा दुकानात एका गिऱ्हाईकानं भाव विचारला तर मी अण्णांकडं बघितलं, तो नेमकं काय म्हणाला म्हणून. तो मराठीतच बोलला होता.

अण्णा म्हणाले, राहू दे पोरी, पुढच्या वर्षी बघू. आवडाकाकूनं पण तेच सांगितलं.

मग काल तुमची आज्ञा मोडली. पेटीतून पुस्तिका काढली. चौथं गाणं उघडलं. तिथं ‘साकु’ छापलंय, बाई. काकु नाय. तुम्ही लाल शाईनं खोडलेल्या सोळा जागा मी एक-एक बोट ठेवून बघितल्या. चौदा ठिकाणी माझंच बरोबर हाये.

तुमची चूक दाखवायला लिहीत नाय. तुम्ही कधी चुकत नाय, म्हणूनच मला भीती वाटली. पुस्तिकेतल्या त्या पानाची झेरॉक्स सोबत हाये.

सोनिया

•

औरंगाबाद
४ नोव्हेंबर

सोनिया,

झेरॉक्स पाहिली. दिवाळीनंतर मी वर्ग बंद करते आहे. वय झाले आहे आणि अमेय, माझा मुलगा, बंगळुरूला बोलावतो आहे. उरलेल्या महिन्यात तुला शिकवायला पुण्यात कोणी चांगले मिळते का ते पाहा. सीडी कुरियरने परत पाठवली आहे.

कालिंदी

•

फर्दापूर
९ नोव्हेंबर

बाई,

एका पानात तुम्ही मला, वर्गाला आणि बावीस वर्षांना वाटेला लावलं. मी अशी जाणार नाय.

एक गोष्ट मला गेल्या महिन्यापासून माहीत होती, पण लिहायची हिंमत झाली नव्हती. अण्णा सीडी द्यायला तुमच्याकडं आले होते ना? ते परत आल्यावर तुमचा विषय टाळत होते. मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, बेल चार वेळा वाजवली, दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून आत डोकावलो. बाई पाठमोऱ्या बसलेल्या. डेक इतका मोठ्यानं लावलेला की कपाटाची काच थरथरत होती. मी तीनदा हाक मारली. मग समोर जाऊन उभा राहिलो तर दचकल्या, आणि लगेच डेकचा आवाज बारीक करून म्हणाल्या, या ना, बसा. शेवटी अण्णा एवढंच म्हणाले, “कुणाचं उणं दिसलं तर आपण नजर खाली करावी.”

मी नजर खाली केली होती. पुस्तिका बघितल्यावर वर केली.

बाई, तुम्हाला ऐकायला कमी येतं. मला वाटतं बारीक आवाज तर येतच नाय. म्हणून फोन नको. म्हणून वर्गात मला कायम पहिल्या बाकावर, खिडकीच्या उजेडात बसवायच्या. मी समजत होते, मी लाडकी हाये.

मला पुण्यात कुणी नको. परीक्षेला सत्तावीस दिवस राहिलेत. माझ्या कानात खोट नाय, हे मला पुस्तिकेनं सांगितलं, पण मला ते तुमच्याकडून पाहिजे. तेवढं एकदा लिहा. बाकी वर्ग बंद करायचा का नाय, ते आपण नंतर भांडू.

सोनिया

•

औरंगाबाद
२६ नोव्हेंबर

प्रिय सोनिया,

तुझे कान बरोबर आहेत. माझे नाहीत.

हे वाक्य पहिल्या ओळीत लिहायला मला दोन आठवडे लागले. दिवाळीचा फराळही केला नाही.

तीन वर्षे झाली. आधी पाखरे गेली. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना वाटले, यंदा चिमण्या कमी झाल्या, इमारती वाढल्या म्हणून असेल. मग एकदा शेजारच्या साळूबाई धावत येऊन म्हणाल्या, अहो, कुकर किती शिट्ट्या देतोय. मग शब्दांतली टोके गेली. ‘स’, ‘श’, ‘क’, ‘त’ एकमेकांत मिसळले. मी तुमच्या तोंडाकडे पाहून शिकवू लागले. उच्चार ओठांवरून तपासायचे. समोरासमोर ते निभत होते. फोनवर ओठ नसतात. अमेयचे फोनही मी उचलत नाही. त्याला वाटते आई रुसली आहे. तो मला बोलावतो आहे हे खोटे होते.

तुझी नक्कल ऐकली तेव्हा मला खरोखर वाटले की आवाज नसेलच. मूळ सीडी लावली तेव्हा मात्र कळले. तुझे वडील गेल्यावर मी साळूबाईंना बोलावून चौथे गाणे ऐकवले. त्या म्हणाल्या, हो, बांगड्यांसारखे वाजते की. तरीही सतरा ऑक्टोबरचे पत्र मी लिहिले. जाणूनबुजून लिहिले. माझी बावीस वर्षे वाचवायला मी तुझ्या कानाला खोटे ठरवले. तू एकोणीस गुणांवर आलीस ती माझ्यामुळे. याला क्षमा मागावी असा शब्द मला मराठीत सापडत नाही आणि जपानीत सापडतो तो इथे पुरत नाही.

परवा डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवला. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ सपाट चालते आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, कड्यावरून पडावी तशी खाली जाते. कड्याच्या खाली तुझी किणकिण आहे.

सहा तारखेला ध्वनिफीत एकदाच वाजेल. पहिल्यांदा जे ऐकशील तेच लिही आणि पुढे जा. मागे वळून मला विचारू नकोस.

तुझी,
कालिंदी

•

फर्दापूर
८ डिसेंबर

बाई,

तुमचं पत्र दुकानात आलं. वाचलं आणि राग आला, लई राग आला. दोन दिवस पुस्तक उघडलं नाय. तिसऱ्या दिवशी आवडाकाकूनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बाईंनी मला खोटं सांगितलं आणि मग खरं सांगितलं. ती म्हणाली, “दुसरं करणारी माणसं मोजकीच असतात. जा, अभ्यासाला बस.”

पुण्याला आदल्या दिवशी गेले. ऐकण्याच्या पेपराला सुरुवातीला पुन्हा शंका घेत बसले. पहिला प्रश्न हातचा गेला. मग तुमची पहिली ओळ आठवली. नंतर मी एकदाही मागं बघितलं नाय. एक बाई स्टेशनवर कुणाला कुठं भेटायचं ते सांगत होती, एक माणूस हॉटेलची खोली बदलत होता. मी जे ऐकलं ते लिहिलं. पास होईन का माहीत नाय, पण ऐकलं ते मीच ऐकलं.

कार्ड पाठवून दिलं. तुम्हाला तपासायला दिलं नाय, माफ करा. पाच ओळींत जे मावलं ते मराठीत सांगते: ‘तुमची गाणी आम्ही पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभं राहून ऐकली. दुष्काळात नीट केलेलं काम ऐकून बरं वाटतं. चौथं गाणं मला सगळ्यात आवडलं. पण माझ्या ओळखीच्या एका जाणत्या बाईंना ते अर्धंच पोचलं, कारण बारीक सूर सगळ्यांना ऐकू येत नाहीत. पुढच्या वेळी तोच सूर एखाद्या जाड वाद्यावर पण वाजवा.’ ते हसले तर हसू देत.

आता तुमच्याबद्दल. डॉक्टरांनी यंत्र सांगितलं असेलच, ते लावा. वर्ग बंद होणार नाय. लिहिणं, वाचणं, व्याकरण तुम्ही घ्या, तुमच्यासारखं कुणी घेत नाय. ऐकण्याचा तास मी घेते. दर रविवारी पहाटेच्या एसटीनं येईन. पण मुलांना तुम्ही स्वतः सांगायचं, सगळ्यांसमोर. अमेयदादाला पण. हे कबूल असेल तरच येते.

सोनिया

•

औरंगाबाद
२२ फेब्रुवारी २०१६

प्रिय सोनिया,

रविवारी तू येतेस, आपण बोलतो, त्यामुळे पत्राची गरज उरलेली नाही. तरी हे एक लिहिते, कारण परवाचे मला तोंडाने सांगता आले नसते.

तुझी अट मी डिसेंबरातच अर्धी पुरी केली होती. अमेय आला, दोन दिवस राहिला, यंत्र त्यानेच कानात बसवून दिले. पहिल्या दिवशी वाटी-चमच्याच्या आवाजाने मी स्वयंपाकघरातून पळाले. मुलांना सांगायला मात्र मी जानेवारी अखेर लावली, तुझा निकाल आला त्या रविवारी. तू पास झालीस, ऐकण्यात साठापैकी सत्तेचाळीस, हे फळ्यावर लिहिले आणि त्याच्याच खाली लिहिले की बाईंना कमी ऐकू येते. फळ्याकडे तोंड असताना मला धीर होता. वळले तेव्हा चिन्मय, तो मागच्या बाकावर पुटपुटणारा, उठून पुढे येऊन बसला.

परवा तुझ्या पहिल्या गटामागे मी लेणीत आले होते. येऊ नका म्हणाली होतीस, म्हणून तुला कळवले नाही. तिकीट काढले आणि दहा पावले मागे चालत राहिले. तू मला पाहिले नाहीस. बाहेर उन्हात तू चांगली बोललीस, थोडी भरभर. आत अंधारात यंत्राचा काही उपयोग झाला नाही. घुमणाऱ्या आवाजात सगळे एकमेकांत कालवले गेले. मी मनाशी म्हटले, आता नुसते पाहायचे.

तुझ्या गटात एक म्हातारे गृहस्थ होते, पांढऱ्या टोपीतले. ते कानामागे हात धरून पुढे वाकत होते, आणि त्यांची बायको दर वाक्याला त्यांना काही सांगत होती. तुझ्या ते लक्षात आले. तू थांबलीस. रखवालदाराची बॅटरी भिंतीवरच्या चित्रावर होती, ती तू मागून घेतलीस आणि स्वतःच्या तोंडावर धरलीस. त्यांच्याकडे तोंड करून एक वाक्य सावकाश बोललीस, मग उजेड चित्रावर नेलास. पुन्हा तोंडावर, पुन्हा चित्रावर. सबंध लेणे तू असेच दाखवलेस. त्या गृहस्थांनी कानामागचा हात खाली घेतला.

हे मी तुला शिकवलेले नाही. कुठल्या पुस्तकातही नाही.

दहा पावलांवरून मीही तुझे ओठ वाचत होते. सगळी वाक्ये बरोबर होती. एका ठिकाणी क्रियापद आदरार्थी हवे होते, ते रविवारी सांगेन. पाच नवी मुले येणार आहेत. साळूबाईंकडून दोन बाके मागून आणली आहेत, ती खिडकीच्या उजेडात लावायची आहेत. एकटीला उचलत नाहीत. नवाच्या आत पोच.

कालिंदी